कांडीचं दुसरं टोक

काचेच्या मण्यात बारीकसं फूल दिसलं की माणसं हमखास विचारतात, "हे ब्रशनं काढलंय का?" माझं डोकंच फिरतं. अहो, बाजरीच्या दाण्याएवढी पाकळी ब्रशनं कोण काढणार, आणि काढली तरी तापलेल्या काचेवर रंग टिकणार आहे का? पण ज्यानं बघितलंच नाही त्याला कसं कळावं, म्हणून मी आता सरळ अळूवडीचं उदाहरण देते. अळूवडीचा उंडा एकदा नीट गुंडाळला की कुठंही कापा, प्रत्येक वडीत तीच नक्षी. काचेचंही तसंच. मध्ये पिवळी सळी, भोवती पांढऱ्या सळ्या, त्यांच्या भोवती निळी काच, असा मनगटाएवढा जाड उंडा बांधायचा, तापवून मऊ करायचा आणि ओढून लांब करायचा. उंडा पेन्सिलीएवढा बारीक होतो, पण आतलं फूल मोडत नाही, तेही तेवढंच बारीक होत जातं. त्या ओढलेल्या दांडीला आमच्या घरात कांडी म्हणायचे. कांडीच्या चकत्या तोडायच्या, चकती तापलेल्या मण्यावर दाबून बसवायची, झालं फूल.

यात मेख एकच. कांडी एकट्यानं ओढता येत नाही. उंड्याच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी सळई चिकटवलेली असते, तिला आम्ही मूठ म्हणायचो. एक मूठ एकाच्या हातात, दुसरी दुसऱ्याच्या. दोघांनी सळई फिरवत फिरवत एकमेकांपासून लांब जायचं. एकानं जरा जास्त ओढलं की तिथं कांडी दोऱ्यासारखी होते, आणि अडखळला की तिथं फुगते. म्हणजे तोंडानं बोलत राहावं लागतं. 'चल', 'हळू', 'फिरव', 'बास'. एवढेच शब्द, पण ते वेळेवर यावे लागतात. आणि आमच्या घरातली गोम तिथंच होती, कारण माझे आईवडील एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगते. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, एका कॉलेजात काचकाम करायचे. प्रयोगशाळेतल्या नळ्या, चंबू, फुटलेलं जोडून द्यायचं, नवीन फुंकून द्यायचं. कायम नोकरी. एकदा तिथल्या एका प्राध्यापकांनी परदेशातून आणलेला पेपरवेट त्यांच्याकडं दिला, कडेला टवका उडाला होता तो घासून द्यायला. त्या पेपरवेटच्या पोटात फुलंच फुलं होती. आण्णांनी टवका घासून दिला, पण ती फुलं काही त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. जेवताना वरणात बोट बुडवून ताटात गोल काढत बसायचे. वर्षभरात त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. राजारामपुरीतल्या आमच्या घरामागं पत्र्याचं शेड घातलं, गॅसचा मोठा बर्नर आणि एक लहान भट्टी बसवली, आणि मणी करायला लागले.

नोकरी सोडल्याचं त्यांनी आईला सांगितलं नाही. शेड घालतायत ते तिला दिसत होतंच, पण तिला वाटलं, सुट्टीच्या दिवशीचा नाद असेल. नळावर पाणी भरताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमच्या ह्यांनी नोकरी सोडली म्हणं?" आई भरली कळशी घेऊन घरी आली, ती खाली ठेवली आणि गप्प बसली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मी पुढं कितीदा म्हटलं असेल. आमची आई निपाणीकडची, चिडली की भांड्यांशी कानडीत बोलायची. त्या दिवशी भांड्यांशीही बोलली नाही. आणि आण्णा? ते पक्के हट्टी. ती बोलत नाही तर मी कशाला बोलू, असं त्यांनी धरलं ते धरलंच. मी तेव्हा सहावीत होते.

मग घरात माझी ड्यूटी लागली. "तुझ्या आण्णांना सांग, ताट वाढलंय." आण्णा समोरच पाटावर बसलेले. "आईला सांग, भाकरी एकच घाल." आई समोरच तव्यापाशी. आणि मी मधे, टपाल खात्यासारखी. पावणं आलं की दोघं पावण्यांशी इतकं गोड बोलायचे की बाहेरच्या कुणाला कधी शंकासुद्धा आली नाही. मी मात्र भाषांतर करायला शिकले. आई म्हणायची, "तुझ्या बापाच्या अकलेला किडं पडल्यात म्हणून सांग जा." मी शेडमध्ये जाऊन सांगायची, "आई म्हणतीय, जेवून घ्या." आण्णा म्हणायचे, "तिला म्हणावं, मला भूक न्हाई, तिनंच गिळावं." मी परत येऊन सांगायची, "आलेच म्हणालेत." माझ्यासारख्या फटकळ पोरीला हे किती जड जात असेल, विचार करा.

आईचं मन शेडकडं नव्हतंच, असंही नाही. पहिल्या वर्षी आण्णांचे सगळे मणी तडकले. प्रयोगशाळेची काच त्यांना तोंडपाठ होती, तर त्यांनी तिच्यावर बांगडीची रंगीत काच चढवली. दोन्ही काचा गार होताना वेगवेगळ्या आकसतात. संध्याकाळी मणी देखणे दिसायचे, सकाळी दोन तुकडे. आण्णांना ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर सगळी काच एकाच जातीची मागवायला लागले. तरी मणी सावकाश निवायला हवे होते, त्याला राख लागायची. आमच्याकडं अंघोळीच्या पाण्याचा बंब होता. एके दिवशी शेडच्या दाराशी पत्र्याचा डबा भरून राख ठेवलेली, तीही चाळणीनं चाळलेली. कुणी ठेवली ते आण्णांनी विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही. दर दोन-तीन दिवसांनी डबा भरलेला असायचा. माणसं अशी का वागतात, देव जाणे.

दहावीनंतर कांडीचं दुसरं टोक माझ्या हातात आलं. त्याआधी आण्णा जवळच्या ओळखीच्यांना बोलावून कसंबसं निभवायचे. सुरुवातीला मी फार शिव्या खाल्ल्या. उंडा भट्टीत तापून लाल झाला की ते बर्नरच्या जाळात धरून फिरवत राहायचे, आणि काच काकवीसारखी सैल झाली की जाळ सोडून क्षणभर थांबायचे. हा क्षणच खरा. घाई केली तर कांडी मधेच तुटते, उशीर केला तर काच आडमुठी होते, हलतच नाही. मग आण्णा म्हणायचे, "चल." मी मूठ फिरवत उलट्या पावलांनी शेडच्या दारातून बाहेर अंगणात जायची. पार धुण्याच्या दगडापर्यंत. तिथं आई धुणं धूत असायची, ती न बोलता बादली बाजूला सरकवायची, मला वाट द्यायची आणि कपडे आपटायचं थांबवून बघत राहायची. कांडी गार झाली की आण्णा ती उजेडात धरून डोळ्याजवळ न्यायचे. सरळ आली असली की म्हणायचे, "बरी हाय." यापेक्षा जास्त कौतुक त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. पण खरं सांगते, त्या 'बरी हाय'साठी मी कॉलेजातले तास बुडवलेत.

कामही वाढत गेलं. शाहूपुरीतले एक दुकानदार मणी घ्यायचे, त्यांनीच सुचवलं की गळ्यात घालायची पदकं करा. मग आम्ही चकत्या एकमेकींना चिकटवून साच्यात मांडायला लागलो, भट्टीत त्या वितळून एकजीव व्हायच्या आणि फुलांनी भरलेलं पदक बाहेर यायचं. पदकाला चकत्या भरपूर लागतात, म्हणजे कांड्या भरपूर, म्हणजे ओढणं जवळजवळ रोजचं. आण्णा खूश होते. न बोलता खूश होते, पण मला कळायचं.

आणि अशात माझं लग्न ठरलं. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. स्थळ गारगोटीचं, माणसं चांगली, मुलगा मला पसंत. सगळं मनासारखं, आणि मी मात्र रात्रंदिवस एकाच विचारात. मी गेल्यावर या दोघांचं काय? कांडीचं जाऊ दे, कांडी नाही ओढली तर आण्णा साधे मणी करतील. पण घरात दोन माणसं राहणार, आणि मधे बोलणारं कुणीच नाही. ताट वाढलंय हे कोण सांगणार? एकाचं दुखलं-खुपलं तर दुसऱ्याला कसं कळणार? माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मी एकदा म्हटलंसुद्धा, "लग्न वर्षभर पुढं ढकलू या का?" तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, माझं दुसरीकडं कुठं आहे की काय!

आण्णांनी आपल्या परीनं सोय करून बघितली. शेजारचे रिक्षावाले मामा उत्साहानं आले. "त्यात काय, धरायचं आन मागं सरायचं, मी रोज रिव्हर्स घेतोय की!" म्हणाले, आणि आण्णांनी 'चल' म्हणायच्या आत गिअर टाकल्यासारखे सुसाट निघाले. कांडी दोऱ्यागत झाली आणि अंगणात तुटून पडली. मग आण्णांनी एक मूठ भिंतीला ठोकलेल्या लोखंडी पकडीत आवळून एकट्यानं ओढायचा प्रयत्न केला. पण पकड काही सळई फिरवत नाही. मधली काच खाली लोंबली, आतली फुलं सगळी एका बाजूला दबली. आण्णा त्या कांडीकडं बघत स्टुलावर बसून राहिले. म्हातारे दिसले मला त्या दिवशी.

मी घरात येऊन आईवर ओरडले. "बघ जा की जरा शेडात! मी गेल्यावर तो माणूस काय करणार हाय?"

आई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, तवा उतरवला, पदर कमरेला खोचला. "त्यास्नी सांग," ती म्हणाली, "दुसरं टोक मी धरते."

मी पळतच शेडमध्ये गेले. "आण्णा, आई धरते म्हणतीय!" आण्णांनी आईकडं बघितलं, ती दारातच उभी होती. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला जमंल का म्हणून इचार." आई म्हणाली, "इतकी वर्षं धुण्याच्या दगडावरनं दुसरं काय बघतीय म्हणून सांग."

उंडा तापला. मूठ आईच्या हातात. मी दोघांच्या मधे, दाराच्या चौकटीला चिकटून. आणि मग जे झालं ते जगात दुसरीकडं कुठं झालं नसेल.

"आईला सांग, चल."

"आई, चल."

आई निघाली. सुरुवात झकास.

"आईला सांग, सावकाश."

"आई, सावकाश!"

"आण्णांना सांग, त्यांनी मूठ फिरवायची थांबवली."

"आण्णा, मूठ फिरवा!"

"फिरवतोय म्हणून सांग. आन तिला म्हणावं, हात खाली जातोय!"

काच काही आमच्या टपालासाठी थांबत नाही. माझ्या तोंडून 'हात वर' निघेपर्यंत मधे कांडी लिंबाएवढी फुगलेली, पुढं दोरा, आणि टक्कन तुटून आईच्या पायाशी. थोडक्यात पाय वाचला. दोघांनीही एकदमच माझ्याकडं बघितलं, जणू चूक माझी!

माझं डोकं सटकलं. "मी काय टेलिफोन हाय व्हय?" मी ओरडले. "पाय भाजला असता आईचा! लाज वाटत न्हाई तुम्हाला? तुमचं तुम्ही बघा आता, मी मेले म्हणून समजा!" आणि लग्न ठरलेल्या पोरीनं असं अभद्र बोलायचं नसतं हे माहीत असून मी तरातरा निघाले आणि शेडच्या पलीकडं, पत्र्याला टेकून खाली बसले. रडू येत होतं. आत बर्नरचा फुसफुसाट तेवढा ऐकू येत होता.

पुष्कळ वेळानं आण्णांचा आवाज आला. घसा साफ केला त्यांनी.

"दुसरा उंडा भट्टीत हाय."

खाली पडलेल्या काचा गोळा केल्याचा आवाज.

"धरतीस?"

"कुणाला इचारताय?" आईचा आवाज.

"तुला."

"मला इचारायची पद्धत हाय व्हय या घरात?"

पत्रा उन्हानं तापला होता, पाठ भाजत होती, तरी हलले नाही.

"न्हवती," आण्णा म्हणाले. "आता इचारतोय."

"नोकरीचं इचारलं असतं तर मी न्हाई म्हटलं नसतं."

"म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," आई म्हणाली. "पण नळावर लोकांच्या तोंडनं ऐकायला लावलं तुम्ही मला. घरात मी कोण हाय मग? भांडी घासणारी?"

आण्णांनी बर्नर बारीक केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "चुकलंच माझं." आणि लगेच, त्यांच्या नेहमीच्या रागीट आवाजात, "पदर नीट खोच, जाळ लागंल."

"कवाच खोचलाय. तुम्ही काचंकडं बघा."

नंतर मला आतून ऐकू आलं ते असं. चल. हळू. हळू अगं. फिरवा की. फिरवतोय. हात वर. बास का? अजून. आणि मग आई जोरात ओरडली, "साकु, साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. आण्णांना कानडी ओ की ठो येत नव्हतं, पण ते थांबले असावेत, कारण कांडी तुटल्याचा आवाज आला नाही.

मी उठून आत गेले नाही. तिथंच बसून मनसोक्त रडले.

लग्न झालं, गारगोटीला गेले. आषाढ सरला, श्रावण लागला. नागपंचमीला आण्णा स्वतः मला न्यायला आले. एसटीत सारखे बोलत होते, मला नवलच वाटलं. घरात पाऊल टाकलं तर काय बघते, दोघांचं भांडण चाललंय. आई म्हणत होती, निळी काच जास्त घाला. आण्णा म्हणत होते, तुला काय कळतंय. आई म्हणाली, शाहूपुरीतल्या दुकानात बायकांना काय आवडतं ते मला कळतंय का तुम्हाला? दिवसभर हेच. जेवताना भांडण, चहाला भांडण. इतक्या वर्षांचं साठलेलं दोघं फेडत होते. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी भट्टी पेटवली. मी साडीचा पदर खोचला आणि माझी जागा धरायला शेडमध्ये गेले. मूठ उचलली. तर आई मागून आली आणि माझ्या हातातली मूठ काढून घेतली.

"राहू दे. तुझ्या हाताची सवय आता मोडली असंल."

"अगं, चार महिने झाले फक्त!"

"आमचं आता जमलंय दोघांचं," आई म्हणाली. "मधेच हात बदलला की कांडी बिघडती."

आण्णांनी तिला दुजोरा दिला नाही, पण मला मूठही दिली नाही. मी दारात उभी राहून बघितलं. आई उलट्या पावलांनी अंगणात गेली, मागं न बघता. दोघांच्या तोंडाचा पट्टा चालू. कांडी गार झाली, आण्णांनी उजेडात धरली. मधे जराशी वाकडी होती. माझ्या हातची सरळ यायची, हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं.

"बरी हाय," आण्णा म्हणाले. आईला म्हणाले.

मी स्वयंपाकघरात आले. पुरणासाठी डाळ शिजत होती, ती ढवळत बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं, सरळ सांगते, मला हेवा वाटत होता. माझ्याच आईचा. आई पाणी प्यायला आत आली, तिनं माझं तोंड बघितलं.

"का गं? सासरी काय झालं?"

"काय न्हाई."

"मग रडतीस कशाला?"

"इतकी वर्षं मी तुमच्यामधे मरमर मेले," मी म्हणाले. "आणि मी घराबाहेर पडल्यावर तुमचं जमलं."

आईनं तांब्या खाली ठेवला. पदरानं माझे डोळे पुसले, जरा दांडगाईनंच, लहान पोराचं नाक पुसतात तसे.

"तू हुतीस म्हणूनच जमत न्हवतं, बाळ," ती म्हणाली. "माझी शिवी तू गोड करून त्यास्नी सांगायचीस, त्यांची मला. दोघांनाबी वाटायचं, समोरच्याला काय वाईटच वाटत न्हाई. मग बोलायचं कशाला?"

बाहेरून आण्णांनी हाक मारली. उंडा तापला होता. "आले, आले," म्हणत आई गेली. मी डाळ ढवळत राहिले. अंगणातून 'हळू', 'फिरवा की' ऐकू यायला लागलं.